धारचा पाहुणा

हो, मीच बोलतोय. टीव्हीखालच्या फळीवर, सेट-टॉप बॉक्सच्या शेजारी उताणा पडलेला काळा रिमोट. ज्या खोक्यातून आलो त्याच्यावर माझं ‘गेम कंट्रोलर’ असं भारदस्त नाव छापलेलं होतं. पण देवासच्या या घरात बटणं असलेल्या प्रत्येक वस्तूला रिमोटच म्हणतात आणि ज्या रिमोटनं टीव्ही लागत नाही तो ऋतिकाचा रिमोट. तो मी.

जन्मकथा सांगायला बसलोय खरा, पण मनात दुसराच कोणी आहे. स्पष्टच सांगतो, मी जळतोय. शेजाऱ्यांच्या दारात नवी गाडी उभी राहिली की ऋतिकाच्या आई सगुणाबाई ‘वा, छान हो’ म्हणतात आणि मग आपलं दार जरा जोरात लावतात ना, तसा जळतोय.

माझा जन्म कुठल्या देशात झाला हे मला आठवत नाही. एका लांबलचक पट्ट्यावर माझ्यासारखे पुष्कळ जण ओळीनं सरकत होते एवढंच आठवतं. पुढे इंदूरच्या दुकानात आलो, तेही एकटा नव्हे. गेम खेळायच्या यंत्राबरोबर, त्याच्याच खोक्यात, लग्नात रुखवताबरोबर भांडी येतात तसा. ऋतिकानं इंदूरच्या नोकरीतल्या कमाईतून यंत्र निवडलं. मला कुणीच निवडलं नाही. हे शल्य तेव्हा वाटलं नव्हतं, आता वाटतं.

ऋतिका ही या घरची एकुलती एक लेक. दिवसभर इंदूरला ऑफिसात असते, संध्याकाळी बसनं परत येते, चप्पल काढते न काढते तोच मला उचलते. तिला दुसरा कुठला खेळ नको, फक्त गाड्यांच्या शर्यती. गाडी वळवणाऱ्या माझ्या डाव्या काडीवर तिचा अंगठा, वेग देणाऱ्या उजव्या ट्रिगरवर तर्जनी, आणि मांडीवर शेवेची वाटी. त्या शेवेचं तेल माझ्या अंगात इतकं मुरलंय की माझ्या बटणांवरची अक्षरं कधीच पुसली गेली.

काही दिवसांपासून माझी डावी काडी आपोआप डावीकडे ओढ घेते. वय झालं की माणसाचा खांदा झुकतो, तसंच ते. ऋतिकानं त्यावर तोड काढली होती. सरळ रस्त्यावरही ती अंगठा उजवीकडे किंचित दाबून धरायची. आमचं जमलं होतं. जुन्या जोडप्यासारखं, एकमेकांचे दोष सांभाळत.

तिचे वडील उदाजीराव आधी माझ्याकडे ढुंकून बघत नसत. बांधकाम खात्यात होते, आयुष्यभर जीप चालवलेली. बागलीचा घाट, बदनावरची मंडी, पीपलरावां गावाकडचे चिखलाचे रस्ते, सगळे त्यांच्या हातांना पाठ. “बसल्या जागी गाडी चालवतात म्हणे! पेट्रोलचा वास नाही, धूळ नाही, ही कसली ड्रायव्हिंग!” असं म्हणून ते पेपर उघडून बसायचे.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, बोलणं सावरलं, पण उजव्या हाताची बोटं रुसली. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. जीप विकली. बोटांच्या व्यायामासाठी रबरी चेंडू आणला, तो त्यांनी कोपऱ्यात भिरकावला. म्हणाले, “आम्ही काय कुत्र्याचं पिल्लू आहोत?”

एका संध्याकाळी ऋतिका चहा घ्यायला उठली आणि मला त्यांच्या मांडीवर टाकून गेली. पडद्यावर गाडी उभी होती. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. मग ती रुसलेली तर्जनी माझ्या ट्रिगरवर ठेवली. माझा ट्रिगर वापरून वापरून लोण्यासारखा मऊ झालेला. तो दबला. गाडी हलली. चहा घेऊन आलेल्या लेकीकडे न बघता ते म्हणाले, “हे वळण बागलीच्या घाटातल्यासारखं आहे.”

त्या दिवसापासून मी दोघांचा झालो. एक शर्यत तिची, एक त्यांची. तिची चालू असली की ते पेपर वाचायचे, त्यांची चालू असली की ती फोन बघायची. पाळी संपली की मला या हातातून त्या हातात द्यायचं. मला वाटायचं, किती सुखी घर आहे आणि या घराच्या मधोमध मी आहे!

पण सुखाला दृष्ट लागायची होती. ती धारहून लागली.

धारला ऋतिकाचा मावसभाऊ राहतो, वीरेंद्र. सोयाबीनचा व्यापार करतो आणि रात्रीचं जेवण झालं की इंटरनेटवरून ऋतिकाशी शर्यत लावतो. ती दर वेळी हरायची, पण थोडक्यात. गणपतीत त्यानं एक महागडा प्रीमियम कंट्रोलर घेतला आणि ऋतिका थोडक्यात हरायची ती सपाटून हरायला लागली.

“तो हाताचा फरक नाही, आबासाहेब,” ती वडिलांना म्हणाली. “रिमोटचा फरक आहे. आपला डावीकडे ओढतो.”

मी ऐकलं. माझ्यासमोर बोलली! इतके दिवस सांभाळून घेतलेला माझा दोष असा भर बैठकीत काढला.

त्यानंतर तिला नादच लागला. बसमध्ये, जेवताना, केस वाळवताना ती फोनवर एकच बघायची: कुणीतरी गोरागोमटा मुलगा हिंदीत सांगतोय, शर्यतीच्या खेळासाठी महाग कंट्रोलर घ्यावा की नाही. त्याचा ट्रिगर किती बारकाईनं दबतो, ब्रेक मारताना बोटाला कसा उलटा जोर देतो, काडी झिजली की कशी बदलता येते, मागच्या बाजूला कशा पट्ट्या आहेत. एक म्हणे घ्याच. दुसरा म्हणे शर्यतीच खेळायच्या तर त्यापेक्षा सरळ स्टिअरिंग घ्या. तिसरा म्हणे आधी हात सुधारा. तो तिसरा मला भला माणूस वाटला.

सगुणाबाईंनी किंमत विचारली आणि ऐकून हातातली पळी खाली ठेवली. “अगं, एवढ्यात तर शिवणयंत्र येईल. आणि हा चालतोय ना?”

“चालतो गं, आई. पण...”

या ‘पण’नं माझी झोप उडवली.

नवरात्रात अष्टमीला वीरेंद्र देवासला आला. दर वर्षी येतो, टेकडीवर देवीचं दर्शन घेतो आणि दसरा करून धारला परततो. या वेळी त्याच्या बॅगेत तो होता. चेन लावलेली, आत मखमल असलेली पेटी. मला आजवर कुणी रुमालातही गुंडाळलेलं नाही.

“घे, ऋतु. दोन-तीन दिन चला के देख ले,” वीरेंद्र म्हणाला. “पसंद आला तर मागव. नाहीतर उगाच पैसा का घालायचा? व्हिडिओ बघून डिसाइड नाही होत, भिया. हातात धरून बघावं लागतं.” हा माणूस बहिणीलाही भिया, म्हणजे भाऊ, म्हणतो.

ऋतिका उठली, मोरीत गेली आणि साबणानं हात धुऊन आली.

हे मी विसरणार नाही. माझ्यावर शेवेचे हात, जिलबीचे हात, एकदा तर लोणच्याचे हात! आणि त्याच्यासाठी साबण. मग तिनं त्याला असं उचललं, जसं लोक दुसऱ्याचं तान्हं मूल उचलतात. त्याच्या पाठीवर खडबडीत रबर, अंगावर जडपणा, बटणं दाबली की नाजूक टिकटिक. तिनं सवयीनं अंगठा उजवीकडे दाबून धरला आणि गाडी सरळ जाऊन भिंतीवर आदळली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

तो आनंद टिकला नाही. दोन-तीन फेऱ्यांत तिचा अंगठा सैल झाला. मी शिकवलेली खोड ती विसरली. वळणावर गाडी अशी वळायला लागली, जशी माझ्या हातून कधी वळली नव्हती. ऋतिका पुटपुटली, “किती हलका वळतो!” आणि मी फळीवर उताणा पडून छताचा पंखा बघत राहिलो.

“काका, तुम्ही पण बघा ना,” वीरेंद्रनं उदाजीरावांना दिला. त्यांनी तर्जनी ट्रिगरवर ठेवली. पाहुण्याचा ट्रिगर ताठ, वर ब्रेकला उलटा जोर. बोट थरथरलं, सरकलं. त्यांनी पुन्हा ठेवलं, पुन्हा सरकलं. “चांगला आहे,” ते म्हणाले आणि सांभाळून परत दिला. “तरण्या बोटांचा आहे.”

त्यांचा चेहरा पाहून मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण आधी आनंद झाला, मग वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. या घरात हा सण दसऱ्यापेक्षा मोठा. पूर्वजांची तलवार घासूनपुसून काढतात, पाटावर तांबडं वस्त्र घालून तिच्यासमोर ज्याचं त्याचं शस्त्र मांडतात. आता शस्त्र म्हणजे ज्यावर ज्याचा हात चालतो ते. सगुणाबाईंची शिवणाची कात्री, ऋतिकाचा लॅपटॉप. उदाजीरावांची जीपची किल्ली तलवारीच्या उजव्या हाताला असायची. जीप गेल्यापासून ती जागा रिकामी. तिथे कुणी काही ठेवत नाही आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. देवघर लहान, म्हणून पाट बैठकीतच मांडतात, टीव्हीसमोरच्या कोपऱ्यात. मला फळीवरून सगळं दिसत होतं.

ऋतिका उत्साहानं पाहुण्याला घेऊन आली आणि लॅपटॉपशेजारी ठेवायला लागली.

“थांब,” सगुणाबाई म्हणाल्या. “हे कोणाचं?”

“दादाचं. पण मी कदाचित घेणारच आहे.”

“घेशील तेव्हा ठेव. परक्याचं शस्त्र आपल्या पाटावर पूजत नाहीत. धारचं हत्यार धारच्या पाटावर. वीरेंद्र, तुझ्या आईला विचार.”

“बरोबर आहे मावशी,” वीरेंद्र कान पकडत म्हणाला.

पाहुणा पेटीत परत गेला. वाजवता आलं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

मग उदाजीराव उठले. काठी न घेता फळीपाशी आले आणि मला उचललं. पंच्याच्या ओल्या टोकानं माझं अंग पुसलं, कडेकपारीतली शेव काढली. आणि मला तलवारीच्या उजवीकडे, किल्लीच्या जागी ठेवलं.

“आमचं शस्त्र सध्या हे आहे,” ते म्हणाले.

 सगुणाबाईंनी मला गंध लावलं, अक्षता वाहिल्या आणि झेंडूचं सगळ्यात मोठं फूल माझ्या माथ्यावर ठेवलं. त्यांचा हात जरा जास्त वेळ तिथे राहिला. ज्याला कधी कुणी निवडलं नव्हतं, त्याला त्या दिवशी निवडलं गेलं.

पण गडबड पुढेच झाली. संध्याकाळी धार विरुद्ध देवास असा सामना ठरला होता, ऋतिका माझ्यावर आणि वीरेंद्र पाहुण्यावर. दोन रिमोट शेजारी ठेवून एकदाचा फरक काढायचा होता. ऋतिकानं सवयीनं पाटाकडे हात नेला आणि सगुणाबाईंनी तो तिथेच अडवला. “पूजेतलं शस्त्र सीमोल्लंघनाआधी उचलतात का? उद्या संध्याकाळी.”

“मर गए!” वीरेंद्रनं कपाळाला हात लावला. “सकाळी कुणाच्या ध्यानात नाही आलं? आता खेळायचं कशानं?”

“एकच आहे,” ऋतिका म्हणाली. “त्याच्यावरच खेळू. पाळीपाळीनं.”

झालं! फूल माझ्या डोक्यावर आणि शर्यत त्याच्या हाती. पाटावर बसून मला ती बघावी लागली. मान मिळाला तो असा, की हलता येऊ नये. लग्नात आजेसासूला पहिल्या ओळीत बसवतात आणि पंगत मात्र मागे उठते, तसं झालं माझं.

आधी वीरेंद्र धावला, मग ऋतिका. एकच रस्ता, एकच गाडी, एकच रिमोट. ती सुरेख धावली. खोटं कशाला बोलू, माझ्यावर ती कधी एवढी सुरेख धावली नव्हती. आणि तरी हरली. थोडक्यात, पूर्वी हरायची तशीच.

तिनं पडद्यावर दोघांची वेळ पुन्हा एकदा ताडून पाहिली. मग हसली. “म्हणजे फरक हाताचाच आहे, दादा.”

“मशीन थोडी मदद करते, बस,” वीरेंद्र म्हणाला. “वळणावर तू ब्रेक लवकर मारून राहिली. ते कुठला रिमोट सुधारणार?”

“मग नाही घेत. तुला हरवायलाच घ्यायचा होता.”

ऐकलंत? नाही घेत! माझ्या माथ्यावरचं फूल घसरून खाली पडलं आणि मला ते पुन्हा कुणी घातलं नाही, पण मला पर्वा नव्हती. मी जिंकलो होतो. ऋतिकाच्या हातातल्या त्या रबरी पाठीच्या शहाण्याला मी मनातल्या मनात म्हणालो, बांध गाशा आणि जा धारला.

दसऱ्याला संध्याकाळी सगळे सोनं लुटायला गेले. परत आल्यावर औक्षण झालं, आपट्याची पानं हातात पडली. उदाजीरावांनी एक पान माझ्यावर ठेवून मला उचललं आणि खुर्चीत बसले. “चला. दोन दिवस हात बांधलेले होते.”

वीरेंद्र आतल्या खोलीत बॅग भरत होता. पाहुणा अजून टीव्हीपाशी जोडलेलाच होता. ऋतिका तो काढायला वाकली, तर उदाजीराव म्हणाले, “असू दे. तूही ये ना. दोघं मिळून जाऊ.”

पडदा मधोमध दुभागला. वरच्या अर्ध्यात तिची गाडी, खालच्या अर्ध्यात त्यांची. आणि मग मी असं काही ऐकलं, जे इतक्या संध्याकाळी त्या दोघांच्या हातात राहूनही ऐकलं नव्हतं.

“बाजूला व्हा, बाईसाहेब! जीप येतेय!”

“आबासाहेब, चीटिंग! तुम्ही मला धक्का मारला!”

“घाटात हॉर्न दिला होता आम्ही. तुमचं लक्ष नव्हतं.”

पेपर खाली पडला होता. तिचा फोन वाजत होता आणि वाजून बंद झाला. उदाजीरावांच्या बोटाला मी जपून सांभाळत होतो आणि माझी डावी ओढ ते शिव्या देत, हसत आवरत होते. शेवटच्या वळणाआधी ऋतिका पुढे होती. तिनं हळूच ब्रेक मारला. त्यांच्या लगेच लक्षात आलं. आयुष्यभर रस्त्यावर काढलेला माणूस, त्याला समोरच्या गाडीचा ब्रेक कळणार नाही? त्यांनीही ब्रेक मारला.

“पुढे जा.”

“तुम्ही जा.”

“आम्हांला कीव नको.”

“कीव नाही, मान देतेय.”

“मान दसऱ्याला पाया पडून देतात. गाडी काढा.”

दोन्ही गाड्या रस्त्यात शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. मागून यंत्राच्या सगळ्या गाड्या सूं सूं करत पुढे निघून गेल्या. बाप-लेक शेवटचे आले आणि इतके हसले, की सगुणाबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. “काय झालं? जीप बंद पडली का?” त्यावर उदाजीरावांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते हसण्याचं आहे असं त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वीरेंद्र पाहुण्याला घेऊन धारला गेला. पेटीची चेन लागल्याचा आवाज मी कान देऊन ऐकला.

आणि माझं राज्य परत आलं. पूर्वीसारखंच. ऋतिका ऑफिसातून आली, मला उचललं, शर्यत केली. संपल्यावर मला उदाजीरावांच्या हातात दिलं. ती फोन बघायला लागली. त्यांची शर्यत संपली, मला तिच्या हातात दिलं. त्यांनी पेपर उघडला. बैठकीत फक्त गाडीचा आवाज आणि पान उलटल्याचा आवाज.

मी या हातातून त्या हातात गेलो आणि मला पहिल्यांदा कळलं. या घराच्या मधोमध मी होतो, हे खरं. पण मधोमध म्हणजे दोघांच्या मध्ये. मी एकटा होतो म्हणून एक खेळायचा आणि दुसरा वाट बघायचा. मी ज्याला सुखी घर म्हणत होतो ती नुसती पाळी होती. दोघं एका रस्त्यावर निघाली ती त्या दसऱ्याच्या संध्याकाळीच, आणि त्यासाठी माझ्या शेजारी तो लागला. मी ज्याच्यावर जळत होतो तो.

आज माझी अवस्था सांगतो. डावी काडी आता जास्तच ओढते. ट्रिगर अजून मऊ आहे, उदाजीरावांचं बोट तिथे छान बसतं. ते आता बोटानं शर्टचं वरचं बटणही लावतात. आणि शेजारी सोफ्यावर ऋतिका बसली आहे. फोनवर त्या महागड्या रिमोटच्या विक्रीचं पान उघडं आहे. ती ‘घ्या’वर अंगठा नेते आणि मागे घेते. पुटपुटते, “हरवायला तर नाही होणार उपयोग. मग कशाला?” कधी तिचा अंगठा माझ्यासारख्या साध्याच्या चित्राकडे वळतो. मन म्हणतं, हो, तोच घे, मला कमीपणा तरी येणार नाही. पण मी पाटावरून पाहिलंय ती त्या महागड्यावर कशी धावली. माझ्या ओढीशी झगडून झगडून तिचा अंगठा थकलाय.

मला तोंड नाही. तुम्हांला आहे. तुमच्यापैकी कुणी देवासला गेलात, टेकडीच्या पायथ्याशी या घरी चहाला बसलात, तर तिला एवढं सांगा: घे गं बाई. तोच घे. वीरेंद्रला हरवायला नको, आबासाहेबांबरोबर हरायला घे.

तो आला की मी पुन्हा जळेन, ते काही सुटायचं नाही. तिनं साबणानं हात धुतले की माझ्या अंगाचा तिळपापड होईल. पुढच्या खंडेनवमीला तो या घरचा असेल, पाटावर बसेल, गंध लावून घेईल. लावू दे. लॅपटॉपशेजारी जागा आहे. तलवारीच्या उजवीकडे मात्र कुणी सरकायचं नाही.